घाटावरचा दर्यावर्दी

मलकापूर या गावी समुद्र नाही, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात स्वतंत्रपणे नमूद केलेली नसली तरी गावातील लहानथोरांस ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कऱ्हाडच्या अगदी उशाशी, आगाशिवाच्या डोंगराच्या पायथ्याला आणि पुणे-बंगलोर रस्त्याच्या कडेला वसलेल्या या गावापासून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत मोजला तर साठ-पासष्ट मैलांपलीकडे नसावा. परंतु मध्ये सह्याद्री उभा असल्यामुळे त्याच्या संमतीवाचून माणूस तर राहोच, आमच्याकडचे पाणीदेखील तिकडे जाऊ शकत नसे. गावात पडलेला पावसाचा थेंब ओढ्याने कोयनेत उतरे, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेच्या स्वाधीन होई, आणि शेकडो मैलांची पायपीट करून शेवटी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास रुजू होई. जवळची कचेरी सोडून मुद्दाम दूरच्या कचेरीत अर्ज गुदरण्याची ही रीत नदीने सरकारापासून उचलली की सरकारने नदीपासून, याचा उलगडा मला बालपणी झाला नाही आणि पुढेही झाला नाही.

असे असले तरी समुद्राविषयी आमच्या गावात अज्ञान होते असे मात्र कोणी समजू नये. त्याविषयीची माहिती मुख्यत्वे तीन मार्गांनी येत असे. पहिला मार्ग कीर्तनकाराचा; त्याच्या समुद्रमंथनातून चौदा रत्ने वर निघत, परंतु त्यांत एकही मासा नसे. दुसरा मार्ग मुंबईच्या गिरणीत नोकरीला असलेल्या आणि दिवाळीस रजेवर येणाऱ्या मंडळींचा. त्यांनी चौपाटी पाहिलेली असे, आणि चौपाटीवर भेळ मिळते यापलीकडे समुद्राचा उपयोग त्यांना सांगता येत नसे. तिसरा आणि सर्वांत विश्वसनीय मार्ग म्हणजे कऱ्हाडच्या बाजारातील सुक्या मासळीची ओळ. ती डोळ्यांना दिसण्याआधीच नाकाला समजत असल्यामुळे आंधळ्या माणसासही समुद्राचे अस्तित्व मान्य करावे लागे. यांशिवाय आगाशिवाच्या माथ्यावरून स्वच्छ दिवशी समुद्र दिसतो, असे छातीठोकपणे सांगणारा एक पक्ष गावात होता. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या भिक्षूंनी त्या डोंगरात लेणी कोरली ते समुद्र पाहावयासच तेथे राहिले असले पाहिजेत, असाही त्या पक्षाचा युक्तिवाद असे. पश्चिमेस जी निळी रेघ दिसे ती सह्याद्रीची होती. परंतु सह्याद्री काय, रोज दिसतच होता, म्हणून त्याला कोणी मोजत नव्हते.

या वादात माझ्या शब्दास फार लहान वयात पुराव्याची किंमत आली, आणि तिचे कारण इतकेच की माझे आजोळ हर्णै होते. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील हे मासळीचे बंदर. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. इतक्या किल्ल्यांच्या पहाऱ्यात वाढलेली माझी आई घाटावर कशी दिली गेली, याविषयी दोन्ही घराण्यांत दोन वेगळ्या कैफियती होत्या आणि त्यांपैकी प्रत्येकीत दोष पलीकडच्या पक्षाचा असे. मला मात्र त्या सोयरिकीचा लाभच झाला. कारण वार्षिक परीक्षा संपली की मृग लागेपर्यंत माझी रवानगी आजोळी होई.

हा प्रवास म्हणजे स्वतंत्र अध्याय होता. कऱ्हाडहून एस.टी. निघे ती पाटण, कोयनानगर, हेळवाक करीत कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी येई. तोपर्यंत गाडीत जात, हुद्दा, वतन, शिक्षण इत्यादींवरून जे भेद नीट पाळले जात, ते घाटाच्या पहिल्या चार वळणांत नाहीसे होत. समतेचा प्रसार कुंभार्ली घाटाइतका निःपक्षपाताने दुसऱ्या कोणी केल्याचे मला माहीत नाही. मामलेदार कचेरीतील कारकून आणि त्याच्याच कचेरीत खेटे घालणारा शेतकरी एकाच खिडकीतून, एकाच आर्जवाने, मान बाहेर काढीत. लिंबू हुंगल्याने गाडी लागत नाही अशी आईची श्रद्धा होती. ते लिंबू कऱ्हाडपासून चिपळुणापर्यंत माझ्या नाकाशी धरलेले असे, आणि त्यामुळे पुढे पुष्कळ वर्षे लिंबू पाहिले तरी मला गाडी लागत असे. खाली उतरल्यावर चिपळूणचा उकाडा, मग खेड, मग दापोली, तेथून आसूदच्या पोफळीच्या बागांमधून उतरणारा रस्ता, आणि अखेरीस वाऱ्यावरून येणारी ती वर्दी! समुद्र अद्याप दिसलेला नसे. परंतु वाळत घातलेल्या जवळ्याचा वास गाडीत शिरे, घाटावरचे उतारू नाकाला उपरण्याचे टोक लावीत, आणि दिवसभर मलूल पडलेली माझी आई एकदम ताठ बसून पदर सारखा करी.

समुद्राकाठच्या गावाविषयी माझी जी कल्पना होती ती पहिल्या सकाळीच कोलमडली. समुद्राकाठचे लोक समुद्राकडे पाहत बसत असतील, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात घराची पडवी रस्त्याकडे, अंगण रस्त्याकडे, तुळशीवृंदावन रस्त्याकडे, आणि समुद्राकडे केवळ घराची पाठ! पावसाळ्यात खारे वारे आणि तिरपा पाऊस पश्चिमेकडूनच चालून येत असल्यामुळे त्या बाजूच्या भिंतीला नारळीच्या झापांची चिलखते चढवावी लागत. सबब जो शेजारी वर्षातले चार महिने घरावर हल्ला करतो त्याच्याकडे उरलेले आठ महिने दारे उघडी टाकून बसण्याइतके आजोळचे लोक भाबडे नव्हते. मी आजीपाशी समुद्र पाहावयास जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती चुलीतले लाकूड मागे ओढीत म्हणाली, "काय बघायचंय त्यात? पाणीच तर आहे." समुद्राविषयी पुढे मी गद्यपद्य पुष्कळ वाचले, त्यात याहून निर्विवाद विधान मला सापडलेले नाही.

किनाऱ्याचा उपयोग काय, याविषयीदेखील तेथील मते स्पष्ट होती. पहाटेच्या अंधारात त्याचा जो उपयोग होई त्याचे वर्णन करण्यास माझी लेखणी धजत नाही. तो झाल्यावर भरती येऊन सर्व किनारा निर्मळ करून जाई, आणि नगरपालिका नसतानाही ही व्यवस्था अखंड चालू होती. त्यानंतर किनारा म्हणजे एक कारखाना. कोणी जाळी विणीत बसलेला, कोणी होडीच्या तळाला तेल चोपडणारा, कोणी उलथ्या मचव्याखाली सावली धरून घोरणारा. वाळूवर जवळा पसरलेला, बांबूंच्या मांडवावर दोऱ्यांना मासळी टांगलेली, आणि तिच्यावर कावळ्यांची व मांजरांची अहोरात्र पाळत. अशा ठिकाणी एखादा मनुष्य हात मागे बांधून, क्षितिजाकडे दृष्टी लावून, नुसताच उभा राहिला तर त्याची तब्येत बरी नाही किंवा तो सरकारी माणूस आहे, असे दोनच तर्क संभवत.

हर्णैचे खरे वैभव म्हणजे मासळीचा लिलाव. दिवस कलू लागला की शिडे दिसू लागत. परंतु पाणी उथळ असल्यामुळे भरलेल्या होड्यांना थेट काठापर्यंत येता येत नसे, आणि म्हणून बैलगाड्या समुद्रात जात. हे वाक्य मी मलकापुरात ज्याच्या ज्याच्यापाशी उच्चारले त्याने त्याने माझ्याकडे दयेने पाहिले. आमच्याकडचे खिलारी बैल कोयनेच्या गुडघाभर पाण्यात उतरण्यापूर्वी गाडीवानाकडून पुष्कळ विनवण्या करवून घेत. हर्णैचे बैल मात्र पोटाला लाटा लागेपर्यंत शांतपणे आत चालत, तेथे उभे राहत, पाट्या भरून झाल्या की वळत, आणि या सर्व अवधीत त्यांच्या मुद्रेवर इतका कंटाळा असे की समुद्र ही आणखी एक गाडीवाट आहे अशीच त्यांची समजूत असावी. मग वाळूवर ढीग लागत: कोळंबी, बांगडे, सुरमई, पापलेटे, हलवे, आणि ज्यांची नावे शिकण्यापूर्वीच ती विकली जात असे कितीतरी. लिलाव पुकारणारा एका दमात जे बोले त्यातील एकही अक्षर मला समजत नसे. पण त्याच्याभोवतीच्या बायकांना ते सर्व समजे, व समजून पटत नसे. शेजारच्या पाजपंढरीच्या कोळणी कमरेवर हात ठेवून कोडीच्या भावावर जो वाद घालीत त्यातील मुद्देसूदपणा पुढे मला कायदेमंडळाच्या गॅलरीत बसूनही आढळला नाही. एकदा मी सुरमईच्या एका पाटीजवळ उभा राहून, घाटावरच्या पोक्तपणाने, भाव विचारला. त्या बाईने मला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाली, "घ्यायचंय, का नुसतं विचारायचंय?" अर्थशास्त्राची अनेक पुस्तके या एका प्रश्नापुढे निकालात निघतात.

माझे आजोबा बंदरावरील एका व्यापाऱ्याच्या पेढीवर जमाखर्च लिहीत. त्यांच्या दप्तरात कोडी, शेकडे, पाट्या, बर्फ, मीठ, वल्हवणी, उचल आणि बुडीत असे सारे काही शिस्तीने नांदत असे. पण त्यांच्या विद्वत्तेची खरी प्रचीती मला एका वेगळ्याच बाबतीत आली. गावच्या शाळेत आमचे गुरुजी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी छडीच्या साहाय्याने पाठ करवून घेत, आणि त्यांपैकी पाऊणकीचा या इहलोकी काय उपयोग असावा हे वर्गात कोणासच उमगलेले नव्हते. आजोबांनी एके दिवशी विचारले, "आज तिथी कोणती?" मी म्हणालो, "अष्टमी." "आठाची पाऊणकी?" "सहा." "मग सहाला भरती पुरी. चतुर्थीला तीन वाजता, एकादशीला सव्वाआठ. जा, पडताळून ये." मी गेलो, आणि खरोखरच सहाच्या सुमारास पाणी चढून थांबले. चंद्र रोज पाऊण तासाने मागे रेंगाळतो आणि समुद्र त्याच्या मागोमाग, ही कार्यकारणपरंपरा मला पुढे कळली. त्या दिवशी मात्र एवढा अवाढव्य अरबी समुद्र आमच्या गुरुजींच्या पाढ्याप्रमाणे वागतो हे पाहून गुरुजींविषयी मला प्रथमच धास्तीमिश्रित आदर वाटला. दुर्दैवाने हे ज्ञान मी शाळातपासणीच्या दिवशी उपयोगात आणले. पाऊणकी कशासाठी शिकावी, या साहेबांच्या प्रश्नास सर्व वर्गाने एकमुखाने "बाजारहाटासाठी" असे उत्तर दिले, आणि मी उभा राहून "समुद्राच्या भरतीसाठी" असे सांगितले. त्यानंतर वर्गात जी शांतता पसरली ती बराच वेळ ओसरली नाही.

खाण्याच्या बाबतीत आजोळी मला एक धडा मिळाला, तो असा की उत्तम मासळी खावयाची असेल तर मासळीच्या गावी राहू नये. पापलेट, सुरमई आणि मोठी कोळंबी बर्फात बसून मुंबईस जात; घरच्या तव्यावर येत त्या तारल्या, मांदेल्या आणि फार तर बांगडे. याबद्दल कोणाची तकरार नव्हती, आणि असण्याचे मलाही कारण नव्हते. कारण मलकापुरातदेखील दाटसर दूध विकण्यास जाई व घरी चहात पडे ते उरलेले, आणि पिवळाधमक गूळ पेठेत जाऊन खडे लागणारी ढेप माजघरात येई. पिकविणाऱ्याने दुय्यम आणि विकत घेणाऱ्याने अव्वल खावे, या एका कलमावर घाट आणि कोकण यांचे पूर्ण मतैक्य होते. काट्यांची गोष्ट मात्र निराळी. माझी मामेभावंडे तारलीचा काटा बोलता बोलता ओठांच्या कडेने बाहेर काढीत आणि बोलण्यात खंड पडू देत नसत. मी मात्र प्रत्येक घासाचा पंचनामा केल्याशिवाय तो गिळत नसे, आणि तरीही घशात काटा माझ्याच अडके. मग भाताचा कोरडा गोळा न चावता गिळण्याचा इलाज होई, व मामा सर्वांदेखत म्हणत, "घाटावरचा आहे रे, सांभाळून वाढा त्याला."

समुद्रमार्गाने येणाऱ्या पाहुण्यांचीही तेथे अशीच सत्त्वपरीक्षा होई. मुंबईहून कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटी हर्णैच्या बंदरात दूरवर उभ्या राहत, आणि शिडीवरून हेलकावणाऱ्या पडावात उतारूंना उडी मारावी लागे. ती साधली तरी पडाव काठाला पोहोचण्यापूर्वीच रुते, आणि उरलेले अंतर खलाशाच्या खांद्यावरून पार करावे लागे. मुंबईत मोठ्या हुद्द्यावर असलेले, कोट-टोपी आणि सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेले गृहस्थ, दोन्ही हातांनी खलाशाचे डोके घट्ट धरून, लुंगीतल्या त्या माणसाच्या मर्जीनुसार जन्मभूमीवर अवतीर्ण होत असल्याचे दृश्य आम्ही पोरे नित्यनेमाने पाहत असू. एवढे झाल्यावर चाकरमान्यास आठ-पंधरा दिवस तरी गावात ऐट करणे जड जाई, आणि सामाजिक समतोल राखला जाई.

इतिहासाची आवड मला मामांनी लावली, पण त्यांच्या इतिहासात सनावळीपेक्षा भुयारांचे प्रमाण अधिक होते. 1755 साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने, पेशव्यांशी संगनमत करून, तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातील सुवर्णदुर्ग घेतला, ही पुस्तकातली हकिकत त्यांना मान्य होती. पण किल्ल्यातून समुद्राखालून निघणारे भुयार इंग्रजास अखेरपर्यंत सापडले नाही, असे ते विजयी मुद्रेने सांगत. ते आपल्यालाही सापडलेले नाही, ही बाब त्यांना गौण वाटे. त्यांच्या संग्रहातील दुसरी कथा मात्र अक्षरशः खरी होती. शेजारच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे 1875 च्या सुमारास सहावीच्या परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर शंभरावर मैल पायी तुडवीत साताऱ्यास पोहोचले, आणि तेथील परीक्षा समितीने, मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, या सबबीवर त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. ही गोष्ट सांगताना मामा माझ्याकडे अशा नजरेने पाहत की तो हुकूम माझ्याच पूर्वजांनी काढला असावा. कर्व्यांनी त्यावर काही वाद घातला नाही. पुढे स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, 1958 साली भारतरत्न झाले, आणि एकशे चार वर्षे जगून वयाविषयीचा तो आक्षेप सावकाश खोडून काढला.

मृगाच्या आधी होड्या वर ओढून झापांखाली शाकारल्या जात, आणि त्याच सुमारास माझीही पाठवणी होई. जाताना आम्ही गूळ, शाळू आणि शेंगा नेलेल्या असत. येताना आमसुले, फणसपोळी, नारळ आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सोडे व सुक्या बांगड्यांचे एक गाठोडे असे. त्या गाठोड्याची रवानगी वाहक टपावर करी. परंतु वास हा तिकीट न काढता आत बसणारा उतारू असल्यामुळे घाटात गाडी थांबवून त्याविषयी चौकशी होई, आणि आई खिडकीबाहेरच्या वनश्रीकडे तन्मयतेने पाहत राही. मलकापुरात पोहोचल्यावर आळीतील शुचिर्भूत मंडळी दिवसभर नापसंती व्यक्त करीत. दिवेलागणीनंतर मात्र मागच्या दाराने एकेक वाटी येई, आणि ती भरून जाई. शेजारधर्माला अंधार मानवतो, हे मी तेव्हाच ताडले.

त्यानंतर वडाच्या पारावर माझी साक्ष सुरू होई. मी सांगितलेले मासे पहिल्या दिवशी हाताएवढे असत आणि सुट्टी संपेपर्यंत बैलाएवढे होत, हे कबूल. पण श्रोत्यांचे प्रश्न माझ्या उत्तरांहून अधिक अद्भुत असत. एका वृद्ध बागायतदाराने सर्व ऐकून घेऊन विचारले, "एवढं पाणी आहे म्हणतोस, मग ते लोक ऊस का लावत नाहीत?" खारे पाणी उसाला चालत नाही असे मी सांगितले, तेव्हा त्याने असे पाणी ठेवून घेण्याबद्दल कोकणी माणसाच्या अकलेची कीव केली. हाच प्रश्न मी पुढील वर्षी हर्णैस नेला. तेथे एक तांडेल हसून हसून बेजार झाला, आणि मग गंभीर होऊन त्याने विचारले, "तुमच्याकडे मासळी नाही म्हणतोस, मग रोज भातासंगं खाता तरी काय?" आमच्याकडे रोज भातही नसतो, भाकरी असते, असे म्हटल्यावर त्याने पुढे काही न विचारता माझ्या हातावर दोन बांगडे ठेवले. घाट आणि तळकोकण यांच्या दरम्यान माझ्या वकिलातीची एकंदर मिळकत एवढीच.

पुढे काळ बदलला. 1962 पासून कोयनेचे अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात उतरू लागले, आणि तेथून वाशिष्ठीच्या ओघाने दाभोळजवळ अरबी समुद्रास मिळू लागले. म्हणजे आमच्या नदीचे काही पाणी अखेरीस जवळच्या कचेरीत रुजू झाले. पाण्यामागोमाग माणसेही उतरू लागली. आगबोटी बंद पडल्या, रस्ते रुंदावले, आणि घाटावरचे लोक सुट्टीच्या दिवशी मोटारी भरून हर्णैच्या किनाऱ्यावर येऊ लागले. येताना त्यांनी जो माल आणला तो त्या बंदरात पूर्वी कधी उतरला नव्हता. तो म्हणजे समुद्राचे सौंदर्य. शतकानुशतके कोकणाने घाटावर मीठ आणि मासळी चढविली, आणि त्याच्या मोबदल्यात घाटाने आता सूर्यास्त पाठविला आहे. सौद्यात कोण ठकला, याचा हिशेब आजोबा असते तर त्यांनी एका रकान्यात मांडून दाखविला असता. एक मात्र खरे की किनाऱ्यालगतची नवी घरे आता तोंड फिरवून समुद्राकडे पाहू लागली आहेत. त्यांच्या गॅलऱ्या पश्चिमेला आहेत, आणि भाडे गॅलरीप्रमाणे आकारले जाते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर समुद्र सुंदर आहे. पण ते मत मलकापूरच्या माणसाचे आहे, आणि ज्याला पहाटे उठून त्यात जाळे टाकावे लागत नाही त्याचे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. तेव्हा हर्णैस जाणे झाल्यास लिलावाच्या वेळी अवश्य जावे, पाण्यातून येणाऱ्या बैलगाडीला वाट द्यावी, घ्यावयाचे नसेल तर भाव विचारू नये, आणि समुद्र किती रमणीय आहे हे तेथील कोणास थांबवून सांगू नये. त्यांना कामे असतात.